हललेला फोटो आणि हलवलेला फोटो

प्रश्न थोडक्यात असा आहे: रानफुलं, गवत, नेचे यांचे अमूर्त फोटो, शटर उघडं असताना कॅमेरा हलवून काढायचा प्रयत्न केला. शटर स्पीड एक सेकंद ठेवला, शंभरेक फ्रेम काढल्या, आणि झाडून सगळ्या हिरव्या लगद्यासारख्या आल्या. सेटिंग कुठलं चुकतंय? साधा फोटो काढून सॉफ्टवेअरमध्ये ब्लर लावला तर काय बिघडतं? आणि हे फोनवरही होतं का?

एक सेकंद जास्तच आहे, त्याकडे नंतर येतो. पण तुमच्या वर्णनावरून खरी गडबड दिशेत दिसते. समोर काय उभं आहे ते न बघता कॅमेरा फिरवला की लगदाच येतो, मग शटर काहीही ठेवा.

एक हिशेब करून बघा. सेन्सरवर गवताच्या काडीची प्रतिमा १ मिलीमीटर जाड आणि २० मिलीमीटर उंच पडली आहे असं धरा. शटर उघडं असताना प्रतिमा खालीवर ५ मिलीमीटर सरकली. काडीची जाडी तेवढीच राहते, फक्त दोन्ही टोकं विरघळल्यासारखी होतात. आता हेच ५ मिलीमीटर आडवे सरकवा. काडीचा उजेड जवळपास सहापट रुंदीवर पसरतो, शेजारच्या काडीचाही तसाच पसरतो, दोन्ही एकमेकांवर चढतात आणि काडी म्हणून काही शिल्लकच राहत नाही. म्हणजे हालचालीला समांतर असलेल्या रेषा टिकतात, तिला आडव्या जाणाऱ्या रेषा पुसल्या जातात. या कामात आपण चित्र काढत नसतो, पुसत असतो. कॅमेरा उचलण्याआधी या झाडाचं काय ठेवायचं आणि काय घालवायचं, एवढं ठरलं की दिशा आपोआप ठरते.

उंच गवत, लव्हाळे, बारीक खोडांची झुडपं यांना म्हणूनच खालीवर हालचाल मानवते. काड्यांच्या रेघा राहतात. पानांच्या कडा, किडीने पाडलेली भोकं, मध्येच लोंबणारं वाळकं पान असा बारीक पसारा निघून जातो. त्याच गवतावर आडवा हात फिरवला तर वेगळंच काहीतरी मिळतं: खाली मातीचा तपकिरी, मध्ये हिरवा, वर तुऱ्यांचा फिका पिवळट, असे आडवे पट्टे. वाईट नसतात ते, पण त्यात गवत उरत नाही, गवताच्या जागेचा रंग उरतो. मला हे पट्टे लवकर कंटाळवाणे वाटायला लागले, कारण कुठल्याही माळावरचे पट्टे थोड्याफार फरकाने सारखेच दिसतात.

नेचे जास्त मजेदार. नेच्याच्या पानाला मधला दांडा असतो आणि दोन्ही बाजूंना पर्णिका. दांड्याच्या दिशेने हलवलं तर दांडा कणखर राहतो आणि पर्णिका मिसळून त्याच्या दोन्ही बाजूंना पिसासारखी झालर तयार होते. पान तिरकं झुकलेलं असेल तर हातही तिरकाच हलवा. सरळ खाली आणायची सवय इथे नडते. वाकलेल्या पानासाठी मनगटातून छोटा कंस काढावा लागतो. हा कंस जमायला मला एक अख्खा मोसम लागला.

गोल, तोंड वर केलेल्या फुलांना सरळ रेषेतली हालचाल फारशी शोभत नाही. फुलाचा नुसता ओघळ होतो. तिथे कॅमेरा भिंगाच्या अक्षाभोवती फिरवून बघा, म्हणजे स्टीअरिंग फिरवतात तसा. फुलाचं केंद्र फ्रेमच्या मध्यावर धरून दहा-पंधरा अंश पुरतात. केंद्र जागेवर राहतं, पाकळ्यांच्या टोकांकडे जाताना ब्लर वाढत जातो. झूम लेन्स असेल तर शटर उघडं असताना झूमची रिंग फिरवणं हा या फिरवण्याचा जुळा भाऊ: पाकळ्यांच्या मधल्या रेषा टिकतात आणि त्यांचं गोलपण पुसलं जातं. मला हा प्रकार पटकन दिखाऊ वाटतो. वर्षातून दोन फोटो ठीक.

वेलींचं जाळं मात्र अवघड. त्यात सगळ्या दिशांच्या रेषा असतात, त्यामुळे कुठेही हलवा, निम्मं पुसलं जातंच. तिथे एक तर फार कमी हलवायचं, इतकं कमी की फोटो ‘चुकून हलला’ असं वाटायची भीती वाटावी. नाहीतर जाळं सोडून एकाच लोंबणाऱ्या फांदीमागे लागायचं. सुरुवात जाळ्यापासून करू नका.

दुसरी बाब उजेडाची. उघड्या शटरमधून सेन्सरवर उजेड साठत जातो. काळोख साठत नाही. उजळ आभाळापुढची काळी बारीक काडी आडवी हलवली की आभाळ तिला खाऊन टाकतं. उलट, गर्द सावलीपुढचं पांढरं फूल हललं की खडूने ओढल्यासारखी रेघ उमटते. त्यामुळे फुलापेक्षा आधी पार्श्वभूमी शोधा: सावलीतला उतार, ओलं खोड, दाट झुडूप. पानांच्या फटीतून दिसणारे आभाळाचे तुकडे हे या प्रकारातले सगळ्यात मोठे शत्रू. साध्या फोटोत ते नुसते ठिपके असतात, इथे त्यांचे पांढरेफटक ओरखडे होतात आणि नजर तिथेच अडकते. आडवी हालचाल करायची असेल तर आभाळ फ्रेमबाहेर काढा. बहुतेक वेळा दोन पावलं सरकून किंवा थोडं उंचावरून खाली बघून हे जमतं. दवाचे थेंब मात्र मुद्दाम वापरण्यासारखे: प्रत्येक थेंब हाताने नेमका कुठला मार्ग घेतला ते कोरून दाखवतो. हात थरथरला असेल तर तेही दिसतं.

या साठण्याचा आणखी एक परिणाम लक्षात ठेवा. सेन्सरवर २ मिलीमीटरची दिसणारी पाकळी ८ मिलीमीटर सरकली, तर तिचा उजेड साधारण चौपट लांबीत वाटला जातो, म्हणजे रेघ पाकळीपेक्षा दोनएक स्टॉप (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा किंवा दुप्पट) अंधारी होते. मागचा मोठा गडद भाग मात्र आहे तेवढाच राहतो. म्हणून लहान उजळ फुलांच्या वेळी कॅमेऱ्याने सांगितलेल्यापेक्षा थोडं जास्त एक्सपोजर द्यावं लागतं. उलट मागे उजळ भाग असेल तर कमी. एक फ्रेम काढून हिस्टोग्राम (उजळ-गडद भागांचा आलेख) बघा आणि ठरवा.

रंगांचंही तसंच. हलताना रंग एकमेकांत मिसळतात. लाल फूल आणि हिरवं पान मिसळून मातकट तपकिरी होतं. जांभळा आणि पिवळा मिसळून राखाडीकडे जातात. पिवळा-हिरवा किंवा निळा-हिरवा मिसळले तर ताजेपणा टिकतो. विरुद्ध रंगांच्या झाडावर काम करायचं असेल तर हालचाल अशी हवी की रंग शेजारी शेजारी पट्ट्यांनी राहतील, एकमेकांवरून जाणार नाहीत. पुन्हा तोच दिशेचा प्रश्न. तुमचा ‘हिरवा लगदा’ बहुधा असाच झाला असावा: दहा प्रकारचे हिरवे होते, सगळ्यांची सरासरी होऊन अकरावाच उरला.

आता शटर. माझे बहुतेक ठेवण्यासारखे फोटो १/१५ ते १/२ सेकंद या पट्ट्यातले आहेत, आणि सुरुवात नेहमी १/४ पासून. १/१५ ला झाड ओळखू येतं, कडा फक्त सुटतात. १/२ च्या पुढे हात किती वेडावाकडा गेला तेच जास्त दिसायला लागतं. एका सेकंदात माणसाचा हात एका रेषेत राहत नाही.

भर उन्हात आयएसओ (सेन्सरची संवेदनशीलता) १०० आणि एफ/१६ ला (हा भिंगाच्या छिद्राचा आकडा; तो मोठा तितकं छिद्र लहान) साधारण १/१०० सेकंद बसतो. ढगाळ असेल तर तेच १/१२ च्या आसपास जातं. झाडांच्या सावलीत १/६ ते १/३ सहज मिळतं, म्हणजे तिथे फिल्टरची गरजच नाही. उन्हात काम करायचं तर तीन स्टॉपचा एनडी फिल्टर (उजेड अडवणारी करडी काच) एफ/१६ ला १/१२ वर आणतो. सहा स्टॉपचा लावलात तर एफ/११ ला साधारण १/३ मिळतो. दहा स्टॉपचा काळाकुट्ट एनडी धबधब्यांसाठी ठेवा, इथे त्याचं काम नाही. एकच फिल्टर घ्यायचा झाला तर मी पोलरायझर घेईन. तो दीडेक स्टॉप उजेड कमी करतो, शिवाय ओल्या पानांवरची पांढरी चकाकी काढतो. ती चकाकीच मिसळून हिरव्याला दुधाळ करते. काही कॅमेऱ्यांत आयएसओ ५० असं ‘लो’ सेटिंग असतं. त्यात उजळ भाग लवकर जळतात, म्हणून मी ते शक्यतो टाळतो.

एफ/२२ वर जायला डिफ्रॅक्शनची (बारीक छिद्रामुळे येणाऱ्या मऊपणाची) भीती बाळगू नका, तसला बारीक तपशील आपण तसाही पुसतोय. भीती धुळीची बाळगा. सेन्सरवरचा कण कॅमेऱ्याबरोबरच हलतो, म्हणून सगळं जग वाहत असताना तो मात्र जागच्या जागी, लख्ख, काळ्या ठिपक्यासारखा बसून राहतो. एकदा मी पहाटेचं धुकं संपेपर्यंत एफ/२२ ला तीनशे फ्रेम काढल्या आणि घरी येऊन प्रत्येक फ्रेममधले तेच चौदा ठिपके पुसत बसलो. तेव्हापासून निघण्याआधी कोरा कागद किंवा आभाळ एफ/२२ ला टिपून धूळ बघतो.

हाताकडे येऊ. कॅमेरा दोन तऱ्हांनी हलतो आणि हा फरक फारसा कुणी सांगत नाही. एक म्हणजे जागेवर राहून तिरपा होणं, मान हलवल्यासारखं. दुसरं म्हणजे अख्खा कॅमेरा सरकणं, लिफ्टसारखं. तिरपा केला की जवळचं आणि लांबचं जवळपास सारखंच सरकतं. १०० मिलीमीटर लेन्सवर एक अंश म्हणजे सेन्सरवर साधारण पावणेदोन मिलीमीटर, ५० मिलीमीटरवर त्याच्या निम्मं. अख्खा कॅमेरा सरकवला की जवळचं खूप आणि लांबचं थोडं सरकतं. एखादं पातं लेन्सच्या अगदी जवळ असेल तर त्याचा धूर होतो, आणि मागचे वृक्ष जवळजवळ स्पष्ट उभे राहतात. लहान रानफुलाजवळ, निम्म्या आकाराच्या मॅक्रोवर (म्हणजे सेन्सरवर फूल खऱ्याच्या निम्मं पडतं तेव्हा), कॅमेरा ४ मिलीमीटर सरकला तरी सेन्सरवर २ मिलीमीटर होतात. तिथे हाताची हालचाल श्वासाएवढीच हवी. खोली हवी असेल तर सरकवा, सपाट चित्रासारखं हवं असेल तर तिरपा करा. मी लांबच्या लेन्सवर तिरपा करतो आणि जवळून काम करताना गुडघ्यांत वाकून सरकवतो, कारण कोपरातून हलवलं की कंस येतो आणि सरळ गवत वाकडं दिसतं.

हालचाल शटरच्या आधी सुरू व्हावी आणि नंतर संपावी. गोलंदाज चेंडू सोडल्यावर जागच्या जागी थिजत नाही, तसं. बटण दाबण्याचा धक्का रेघेच्या सुरुवातीला गाठ पाडतो. दोन सेकंदांचा टायमर लावून हात आधीच चालू ठेवला की ती गाठ जाते.

पण याच गाठीचा उपयोगही आहे, आणि माझ्या मते रानवनस्पतींसाठी हीच सगळ्यात उपयोगी युक्ती. १/२ सेकंदाच्या एक्सपोजरमध्ये पहिला निम्मा वेळ कॅमेरा स्थिर ठेवा, मग ओढा. सेन्सरवर झाडाचा एक ओळखीचा ठसा उमटतो आणि त्यातून रंग वाहत निघतो. किती वेळ थांबलात त्यावर झाड किती उरेल हे ठरतं. उलटं करून, आधी ओढून शेवटी थांबलात तर रेघा झाडात येऊन मिळतात. शेवटी थांबणं हाताला जास्त अवघड जातं, वेगात आलेला हात डगमगतो. मी सुरुवातीलाच थांबतो आणि नंतर हवं तर फोटो उलटा करून बघतो. यात फसवणूक वाटत असेल तर वाटू दे.

स्टॅबिलायझेशन (हाताची थरथर भरून काढणारी सोय) बंद करा, लेन्समधलं आणि कॅमेऱ्यातलं दोन्ही. ते तुमच्या हालचालीशी भांडतं आणि मध्येच सोडून देतं, त्यामुळे रेघेला विचित्र पायऱ्या येतात. फोकस एकदा लावून मॅन्युअलवर टाका. सगळं ब्लरच होणार तर फोकस कशाला, असं पुष्कळांना वाटतं. फोकसमध्ये असलेल्या काडीची रेघ बारीक आणि धारदार येते, फोकसबाहेरची मऊ आणि रुंद येते. दोन्ही चालतं, पण ठरवून.

वाऱ्याचा मुद्दा वेगळा आहे, पण त्याच कुळातला. कॅमेरा ट्रायपॉडवर स्थिर ठेवून एक-दोन सेकंद वाऱ्याला काम करू दिलं तर देठ बुडाशी स्पष्ट राहतात आणि शेंडे धुरासारखे होतात. हे मातीत रुजलेल्या गोष्टीचं जास्त खरं चित्र वाटतं मला, आणि तिथे एक सेकंद योग्यच आहे. वाऱ्यात हातही हलवायचा असेल तर वाऱ्याच्याच दिशेने हलवा.

आता सॉफ्टवेअर. मोशन ब्लर फिल्टर एका सपाट फोटोला एका कोनात, एका वेगाने ओढतो. त्याला जवळचं-लांबचं माहीत नसतं. हात सुरुवातीला रेंगाळला, मध्ये वळला, हे त्यात नसतं. शिवाय साध्या फोटोत दवाचा थेंब जळून कमाल पांढऱ्यावर अडकलेला असतो. तो पन्नास पिक्सेलांवर पसरवला की फिकट राखाडी होतो. खऱ्या एक्सपोजरमध्ये त्या थेंबाची मूळ चमक पांढऱ्याच्या कितीतरी पट असते आणि ती सगळी पसरते, म्हणून रेघ झळाळते. नीट जुळवून एकाच दिशेचं चित्र करायचं असेल तर सॉफ्टवेअर वापरा, पाप नाही. पण वर सांगितलेली झालर, धूर, ठसा यांतलं काही त्यातून सहज मिळत नाही. आणि रानात उभं राहून पाचशे वेळा हात हलवताना पुढच्या फ्रेमला काय बदलायचं ते कळत जातं; खुर्चीवर ते कळत नाही.

संथ शटरची ही वाट जुनी आहे. छायाचित्रकार अर्न्स्ट हास यांनी १९५६ मध्ये स्पेनमधल्या पाम्प्लोनात टिपलेल्या बैलझुंजींच्या रंगीत फोटोंत माणूस आणि बैल रंगांच्या फटकाऱ्यांत विरघळलेले आहेत. कोडाक्रोम या रंगीत फिल्मची सुरुवातीची आवृत्ती आजच्या भाषेत आयएसओ १० च्या आसपासची, म्हणजे उजेडाला फार मंद, होती. त्या वेळच्या रंगीत फिल्मवर काम करणाऱ्याला संथ शटरशी कधी ना कधी जुळवून घ्यावंच लागे. आपल्याला ते मुद्दाम गाठावं लागतं.

कॅमेऱ्यातच मल्टिपल एक्सपोजरची (एकाच फोटोत अनेक फ्रेम मिसळायची) सोय असेल तर तीही वापरून बघा: एक फ्रेम स्थिर, दुसरी हलवलेली. ‘अ‍ॅव्हरेज’ मोडमध्ये एक्सपोजर कॅमेरा सांभाळतो. ‘अ‍ॅड’ असेल तर दोन फ्रेमना एकेक स्टॉप कमी, चार फ्रेमना दोन-दोन स्टॉप कमी द्यावा लागतो. ‘लायटन’ मोड (प्रत्येक जागी जी फ्रेम उजळ ती ठेवणारा) गडद पार्श्वभूमीवरच्या फुलांसाठी चांगला.

रॉमध्येच (सेन्सरच्या कच्च्या फाइलमध्ये) टिपा. हलवलेल्या फोटोत सगळे रंग सरासरीकडे जातात, हिस्टोग्राम मध्यावर गोळा होतो आणि फोटो कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर मलूल दिसतो. काँट्रास्ट ओढल्यावर उठतो. जेपीईजीवर तेवढी ओढाताण केली की मऊ रंगछटांमध्ये पायऱ्या पडतात. छापताना थोडा ग्रेन (दाणेदारपणा) टाकलात तर त्या लपतातही. निवड लगेच करू नका. त्या दिवशी हाताने काय केलं ते अजून आठवत असतं, म्हणून फोटोत नसलेलं दिसतं. मी आठवडा जाऊ देतो, मग सगळ्या फ्रेम अगदी लहान करून एकत्र बघतो. लहान आकारात जी नजर धरत नाही ती मोठी करूनही धरत नाही. दोनशेतून तीन राहिल्या तर तो दिवस बरा गेला असं समजतो.

आणि पाय कुठे ठेवता ते बघा. या प्रकारात फुलाच्या पुढ्यात आडवं पडायची गरजच नसते. वाटेवर उभं राहून १०० किंवा २०० मिलीमीटर लेन्सने, आतल्या रोपांवर पाय न देता, सगळं होतं. फ्रेममध्ये येणारं वाळकं गवत उपटून जागा साफ करणारे लोक बघितलेत. इथे तर ते गवत एका हालचालीने पुसलं जाणार असतं.

फोनवरही होतं का, असं विचारलं होतंत. प्रो मोडमध्ये शटर १/४ पर्यंत संथ करता येत असेल तर होतं, पण बहुतेक फोनना अ‍ॅपर्चर (भिंगाचं छिद्र) बदलता येत नाही, म्हणून उन्हात एनडी लावावा लागतो किंवा संध्याकाळची वाट बघावी लागते. ‘लाँग एक्सपोजर’ नावाचे तयार इफेक्ट बरेचदा अनेक फ्रेम एकमेकींवर जुळवून घेतात, म्हणजे तुम्ही केलेली हालचालच काढून टाकायला बघतात. संध्याकाळी सावलीतल्या गवतापुढे उभे राहा, प्रो मोड लावा, फोन दोन्ही हातांत धरा आणि काडीच्या दिशेने एक वीतभर खाली आणा.